‘बाळ झालं की थांबेल’ हा गैरसमज

पाळीत मुलगी पोटाशी उशी धरून पडली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, सगळ्यांनाच दुखतं. एक बाळ झालं की थांबेल.’ मग ओव्याचं पाणी, गरम पाण्याची पिशवी, आणि विषय संपला.

पहिले एक-दोन दिवस थोडं दुखणं नेहमीचंच. पण गोळी घेऊनही कॉलेज बुडत असेल, शौचाला बसताना कळ येत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करायलाच हवा. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोषावर, आतड्यावर वाढतात. सूज येते, अवयव एकमेकांना चिकटू लागतात. जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. गरोदरपणात पाळी थांबते, काहींचं दुखणं तेवढ्यापुरतं कमीही होतं. समज बहुधा तिथूनच पसरला. पण गरोदरपण हा उपचार नव्हे. उलट या आजारात दिवस राहायलाच अडचण येऊ शकते. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाहीच, असंही नाही.

ओटीपोटात एका बाजूला अचानक उठलेली असह्य कळ ही मात्र वेगळी गोष्ट. बीजकोषाला पीळ पडला तर रक्तपुरवठा तुटून तो काही तासांत निकामी होऊ शकतो. उजवीकडे दुखतंय तर अपेंडिक्सची सूज असू शकते, पाळी चुकली असेल तर गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजलेला गर्भ. अशा वेळी ओवा वगैरे नको, थेट दवाखाना. तिथे अविवाहित मुलीचीही गरोदरपणाची चाचणी करतात. आईने त्यावर रागावू नये. रोगनिदानासाठी ती लागते.