रिकामा वेळ आणि सवड

जुलैमध्ये मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नव्याने तार भरून देण्याच्या, दुकानात एखादी दुपार अशी येते की बाकावर एकही मोटार नसते. रस्त्याने जाणारा ओळखीचा हाक मारतो, "काय मालक, आज निवांत?" सांगलीत दुकान चालवताना बरीच वर्षं मीही त्याला निवांतपणाच समजत होतो. खरं तर तो रिकामा वेळ होता. सवड ही वेगळी गोष्ट आहे. दोन्हींत हात मोकळे दिसतात म्हणून गल्लत होते, आणि छोट्या धंद्यात ही गल्लत महागात पडते.

भाषेत हा फरक आधीपासून आहे. ‘सवड काढली’ असं आपण सहज म्हणतो, ‘रिकामा वेळ काढला’ असं कुणी म्हणत नाही. तो येऊन पडतो. कधी येणार, किती टिकणार, हे गिऱ्हाईक ठरवतं, पाऊस ठरवतो, वीज ठरवते. सवड मात्र मालकाने आधी ठरवलेली असते आणि ती कधी संपणार हेही त्याला माहीत असतं.

आमच्या धंद्याचं वर्ष पाण्यावर चालतं. फेब्रुवारीपासून जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या विहिरी-बोअरचं पाणी खाली जातं, पंप कोरडा फिरतो, व्होल्टेज पडतं, एखादी फेज जाते आणि मोटार जळते. शेतीला रात्रीची वीज असली की फोनही रात्रीच येतो. ऊस किंवा द्राक्षबाग उन्हात उभी असलेल्या माणसाला "परवा या" म्हणवत नाही. मे संपेपर्यंत जेवण बाकावरच. पाऊस लागला की काम एकदम ओसरतं.

त्यामुळे मी दरवर्षी ठरवायचो, शिकायचं ते पावसाळ्यात. 2019 मध्ये सौर पंपांसाठी अनुदान देणारी केंद्राची पीएम-कुसुम योजना आली, सौर पंपांची चर्चा गावोगाव सुरू झाली, आणि मला कळत होतं की हे तंत्र हाताखालून जायला हवं. पॅनेलवरून येते ती डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. अनेक पंपांत कंट्रोलर तिची तीन फेज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, करतो आणि ऊन कमी-जास्त होईल तशी फ्रिक्वेन्सी बदलत राहतो. आयुष्यभर कॉइल भरलेल्या माणसाला स्टेटर, म्हणजे मोटारीचा कॉइल बसवलेला स्थिर भाग, कळतो, कंट्रोलर कळत नाही. त्या ऑगस्टमध्ये बसायचं ठरलं होतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. त्या वर्षी नदी दोन्ही कधीच ओलांडून गावात आली. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या बुडालेल्या मोटारींची रांग लागली. गाळ धुवा, भट्टीत सुकवा, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून इन्सुलेशन बघा, जे वाचत नाही ते नव्याने भरा. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. रिकाम्या वेळेवर बेत बांधला की असं होतं, तो आपल्या मालकीचा नसतोच.

पूर नसलेल्या वर्षी तरी काय होतं? कंट्रोलरची माहितीपुस्तिका उघडतो, दोन पानं होतात, दारात गाडी थांबल्यासारखं वाटतं म्हणून मान वर जाते. मग गल्ला आठवतो, भाडं आठवतं, हात मोबाइलकडे जातो. संध्याकाळी पाहावं तर शिकणं झालेलं नाही, अंगही दुखतंय. काम नसताना माणूस थकतो कसा, असा प्रश्न घरच्यांना पडतो. वाट पाहणं हेसुद्धा काम आहे, पण त्याचं बिल कुणाला लावता येत नाही. रिकाम्या वेळेने विश्रांती मिळत नाही याचं कारण मला इथेच दिसतं: कान दाराशीच असतात.

सवड कशी असते हे दुकानातच रोज दिसत होतं. मोनोब्लॉकचा (पंप आणि मोटार एकत्र असलेल्या संचाचा) स्टेटर भरून झाला की त्याला वार्निश पाजून भट्टीत ठेवतो. पुढचे काही तास त्याला कुणी हात लावत नाही. तरी त्या तासांना कुणी वाया गेले म्हणत नाही, कारण गिऱ्हाइकाला वायदा देतानाच ते धरलेले असतात. घाईने ओल्या वार्निशची मोटार दिली तर ती पुन्हा दारात येते. मालकाच्या वेळेचाही हिशेब असाच मांडावा लागतो, दर ठरवतानाच.

आकडे घेऊन बघू. समजा भाडं, वीज, दोन कारागिरांचा पगार आणि घरखर्च मिळून महिन्याला 60,000 रुपये लागतात. तार, वार्निश, बेअरिंग हा मालाचा खर्च बाजूला ठेवू. महिन्यात 26 दिवस दुकान उघडं असेल तर दिवसाला सुमारे 2,308 रुपये मजुरी सुटली पाहिजे. दोन दिवस सवडीसाठी काढून 24 दिवस धरले तर 2,500. फरक 192 रुपयांचा. दिवसाला तीन मोटारी होत असतील तर मोटारीमागे 64 रुपये. मला वाटायचं सुट्टी परवडणारच नाही, आणि मी हा भागाकार कधी केलाच नव्हता. रिकाम्या वेळेची किंमत मात्र अशी वाटून घेता येत नाही, ती आली की एकदम अंगावर येते. मंदीसाठी गाठीशी पैसा ठेवावा लागतो, सवडीसाठी दर नीट लावावा लागतो. हे दोन वेगळे डबे आहेत, एकाचे पैसे दुसऱ्यात गेले की दोन्ही रिकामे.

कायद्याकडे पाहिलं तरी हा फरक दिसतो. 1948 च्या जुन्या दुकाने अधिनियमात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याची तरतूद होती. तो वार वर्षाच्या सुरुवातीला ठरवून पाटी लावायची. मालकालाही त्यामुळे आपोआप सुट्टी मिळायची. 2017 च्या नव्या कायद्याने वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवण्याची मुभा दिली आणि ठरावीक संख्येइतके कामगार असलेल्या दुकानांत आठवड्याची सुट्टी कामगाराच्या हक्काची ठेवली, ते योग्यच आहे. मालकाला मात्र आता कुणी थांबवत नाही. त्याने स्वतःला सुट्टी दिली नाही तर ती कुठूनही येणार नाही.

सवडीच्या आतही एक भेद आहे, त्यावर थोडंच सांगतो. शिकणं म्हणजे विश्रांती नव्हे. दोन्ही एकाच दिवशी कोंबले की डोकं कंट्रोलरमध्ये आणि जीव झोपेत. मी आता महिन्यातला एक बुधवार शटर खाली ओढून शिकण्यासाठी ठेवतो. दुसऱ्या बुधवारी अवजाराला हात लावत नाही. सकाळी हरिपूरच्या रस्त्याने चालत जातो, कृष्णा-वारणेच्या संगमावर बसतो, फोन घरी. मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही बुधवार जमत नाहीत, तेव्हा अर्धा-अर्धा दिवस. पूर आला तर शिकण्याचा बुधवार पुढे सरकतो, पण त्याची पुढची तारीख त्याच दिवशी पाटीवर लिहितो. ती तारीख लिहिली नाही तर सवड गेली असं समजावं.

गिऱ्हाइकं तुटतील ही भीती मला होती. पहिल्या महिन्यात पलूसकडच्या एका शेतकऱ्याचा मंगळवारी रात्री फोन आला, "मालक, उद्या मोटार घिऊन येऊ का?" मी म्हटलं, "दादा, उद्या बंद आहे. गुरुवारी सकाळी आठला आणा, संध्याकाळी घेऊन जा." तो म्हणाला, "बरं, मग गुरुवारीच येतो." त्याला पाण्याची पाळी लावण्यासाठी नक्की वेळ हवी होती, आणि ती मी पहिल्यांदाच देऊ शकलो.

शिकण्याच्या बुधवारी दोन्ही कारागीर भरपगारी येतात. बिघडलेला कंट्रोलर उघडून मध्ये ठेवतो आणि तिघं भोवती बसतो. धाकट्याला फॉल्टचे (बिघाड दाखवणारे) कोड आता माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. गेल्या खेपेला डीसी बाजूचं व्होल्टेज मोजण्याआधी किती वेळ थांबायचं, हे त्यानेच मला सांगितलं: वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, तो उतरू द्यायचा. मी मीटर खाली ठेवला आणि आम्ही तिघं तेवढी मिनिटं थांबलो.