निशाणाआधी साल ठरवा

शिडाच्या जहाजाची प्रतिकृती पूर्ण होते, दोरखंड जागेवर बसतात आणि सर्वांत शेवटी निशाण चढतं. महिनोन्‌महिन्यांची मेहनत नेमकी तिथेच चुकते, कारण एका जहाजाचं निशाण आयुष्यभर एकच राहत नसे.

निशाणं वारंवार बदलली ती समुद्रावर ओळख चुकायची म्हणून. 17व्या शतकात इंग्लिश ताफ्याची लाल, पांढरी आणि निळी अशी पथकं झाली आणि निशाणंही त्या त्या रंगाची. पण फ्रेंचांचंही पांढरंच असल्याने 1702 मध्ये इंग्लिश पांढऱ्या निशाणावर मोठा लाल क्रूस आला. स्पेनची अडचण तीच. फ्रान्स आणि स्पेन दोन्हीकडे राज्य करणाऱ्या बूर्बाँ घराण्याची निशाणं पांढरी, त्यामुळे दुरून फ्रेंच कोण नि स्पॅनिश कोण हे कळेना. शेवटी तिसऱ्या कार्लोसने 1785 मध्ये नौदलाला लाल-पिवळं-लाल निशाण दिलं. फ्रान्सने 1794 मध्ये तिरंगा घेतला.

‘व्हिक्टरी’ ही ब्रिटिश युद्धनौका पाण्यात उतरली 1765 मध्ये. निशाणाच्या कोपऱ्यातल्या युनियन चिन्हात, म्हणजे ब्रिटनच्या एकत्रित राज्याच्या चिन्हात, आयर्लंडचा तिरपा लाल क्रूस आला तो 1 जानेवारी 1801 रोजी. त्याआधीच्या ‘व्हिक्टरी’वर तो दिसला, तर प्रतिकृती चुकलीच.

21 ऑक्टोबर 1805 ची ट्रफाल्गरची लढाई (ब्रिटिश ताफा विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिश ताफा) याहून फसवी आहे. ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख नेल्सन पांढऱ्या पथकाचा व्हाइस अ‍ॅडमिरल, तर त्याच्या हाताखालचा कॉलिंगवुड निळ्याचा. नियमाने कॉलिंगवुडच्या ‘रॉयल सॉव्हरिन’वर निळं निशाण हवं. पण लढाईच्या धुरात गोंधळ नको म्हणून नेल्सनने साऱ्या ताफ्याला पांढरंच लावायला सांगितलं होतं. म्हणजे नियमाचं पुस्तक वाचून निळं लावणारा त्या दिवसापुरता चुकतो! मला या अभ्यासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पथकांचे रंग 1864 मध्ये बंद झाले आणि पांढरं निशाण नौदलाकडे राहिलं.

डोलकाठीच्या टोकावरची लांबलचक, निमुळती पताका म्हणजे जहाज नौदलाच्या सेवेत असल्याची खूण. अ‍ॅडमिरलचा ध्वज चढला की ती उतरते. दोन्ही एकदम नकोत. व्हाइस अ‍ॅडमिरलचा ध्वज पुढच्या डोलकाठीवर.

आकाराचा अंदाज तर हमखास कमी पडतो. ट्रफाल्गरला पकडलेल्या ‘सान इल्देफोन्सो’ या स्पॅनिश जहाजाचं निशाण ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे: सुमारे 10 मीटर गुणिले 14.5 मीटर. 1:100 च्या प्रतिकृतीवर तेच साडेचौदा सेंटिमीटर लांब होतं. डोळ्यांना ते अवाढव्य वाटेल, तरी कापू नका.