घसरणारा क्लच आणि न सुटणारा क्लच: प्लेटी आणायच्या आधी

आमच्या इंदुरातल्या रविवारच्या रायडर मंडळींत एक वाक्य वारंवार कानावर येतं: ‘क्लच गेलाय, या शनिवारी घरीच बदलतो, कुठला सेट घेऊ?’ मी आधी एवढंच विचारतो, घसरतोय की सुटत नाहीये? उत्तर येतं, ‘तेच ते, गेलाय ना!’ तेच ते मुळीच नाही. हे दोन बिघाड एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत. एकावरचा उपाय दुसऱ्याला हमखास वाढवतो. आणि प्लेटी बदलण्याची वेळ दोन्हींत येतेच असंही नाही. छोट्या ग्वालटोलीच्या पार्ट्स बाजारात जाऊन प्लेटींचा सेट विकत घ्यायच्या आधी हा फरक पक्का करून घ्या.

क्लचला कामं दोनच. इंजिनाची ताकद घट्ट धरून गिअरबॉक्सला पोचवायची आणि लिव्हर दाबली की ती पकड पूर्ण सोडायची. घसरणारा क्लच पहिल्या कामात कमी पडतो, न सुटणारा दुसऱ्या.

घसरणं तुम्हाला बहुतेक ठाऊक आहे. महेश्वर करून जाम गेटच्या रस्त्याने माळव्याच्या पठारावर परत चढताय, मागे माणूस बसलंय, दोन्ही बाजूंना सामान आहे. थ्रॉटल उघडला की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर पळतो आणि वेग होता तिथेच राहतो. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला थ्रॉटल एकदम उघडून पाहा. वेग आणि आरपीएम बरोबरच वाढले पाहिजेत. दोन्ही वाढत नसतील, म्हणजे गाडी नुसती जड ओढत असेल, तर तो क्लचचा प्रश्नच नाही. एअर फिल्टर पाहा, चेन पाहा, ब्रेक घासतोय का ते पाहा.

क्लच सुटत नसेल तर ते घाटात नाही, गर्दीत कळतं. पलासियाच्या सिग्नलला उभे आहात, लिव्हर पूर्ण दाबलेली आहे, तरी गाडी पुढे रेटतेय आणि ब्रेक धरून ठेवावा लागतोय. न्यूट्रल काही केल्या सापडत नाही, पण इंजिन बंद केलं की एका टिचकीत लागतं. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. तपासायचं असेल तर इंजिन गरम करून गाडी मेन स्टँडवर घ्या, पहिला गिअर टाका आणि लिव्हर पूर्ण दाबून धरा. मागचं चाक थोडं फिरणारच, कारण प्लेटी तेलात बुडालेल्या असतात आणि तेल त्यांना किंचित ओढतं. मागचा ब्रेक हलकेच लावल्यावर चाक मुकाट थांबलं पाहिजे. इंजिन दबायला लागलं तर क्लच सुटत नाहीये.

सकाळच्या पहिल्या गिअरचा खटका मात्र यात धरू नका. रात्रभर उभ्या गाडीत प्लेटी तेलाने एकमेकींना चिकटतात, त्या पहिल्यांदा सुटताना आवाज होतो. इंजिन गरम झाल्यावर तो गेला तर बिघाड नाही. एवढ्यावरून क्लच उघडायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

आता खरी अडचण. नव्वदच्या दशकातले जुने मेकॅनिक असोत की व्हिडिओ पाहून शिकलेली पोरं, एक समजूत सगळीकडे घट्ट बसलेली आहे: ‘क्लच घसरतोय ना, मग वायर ढिली झाली असेल, थोडी कस.’ हे साफ उलटं आहे, आणि का उलटं आहे ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप सुटतं.

गोंधळ ब्रेकमुळे होतो. ड्रम ब्रेकची वायर किंवा रॉड कसला की ब्रेक जास्त धरतो, हे प्रत्येकाने हाताने अनुभवलेलं असतं. तोच हिशोब लोक क्लचला लावतात. पण ब्रेक तुमच्या हातापायाच्या जोरावर धरतो. क्लच तुमच्या जोरावर धरतच नाही. त्याला धरून ठेवतात आतल्या स्प्रिंगा. लायनिंगच्या, म्हणजे पकड धरणारा थर चढवलेल्या, प्लेटी आणि स्टीलच्या प्लेटी एकाआड एक रचलेल्या असतात, आणि स्प्रिंगा प्रेशर प्लेटमार्फत ही सगळी थप्पी चोवीस तास दाबून ठेवतात. तुमच्या लिव्हरला एकच काम दिलंय: वायर ओढून, स्प्रिंगांविरुद्ध जोर लावून प्रेशर प्लेट उचलायची आणि थप्पी मोकळी करायची.

म्हणजे वायर प्रमाणाबाहेर कसली तर काय होणार? लिव्हरला हात न लावताही प्रेशर प्लेट थोडी उचललेली राहणार. स्प्रिंगांचा काही जोर वायरच खाणार. चढावर भार आला की क्लच घसरणार. उलट वायर ढिली असेल तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबूनही प्रेशर प्लेट पुरेशी उचलली जाणार नाही, थप्पी अर्धवट दाबलेलीच राहणार, क्लच सुटणार नाही. कसलेली वायर घसरवते, ढिली वायर सोडू देत नाही.

झीजसुद्धा दोन उलट्या दिशांना होते, हे फार थोडे जण लक्षात घेतात. वायर वापराने ताणली जाते, त्यामुळे लिव्हरची मोकळी चाल (वायर ताणली जाण्याआधी लिव्हर जेवढी नुसतीच हलते ती ढिलाई) वाढते आणि क्लच सुटेनासा होतो. प्लेटींचं लायनिंग झिजलं की थप्पी पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते आणि जवळजवळ सगळ्या वायरच्या क्लचांत मोकळी चाल कमी होत जाते. तेव्हा ज्या गाडीची लिव्हर आपोआप घट्ट होत चाललीये तिच्या प्लेटींकडे संशयाने पाहावं, आणि जिची ढिली होत चाललीये तिच्या वायरीकडे. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट समजतात: लिव्हर ढिली लागतेय, म्हणजे प्लेटी संपल्या.

यात उष्णता मिसळली की एक बिघाड दुसऱ्याचं रूप कसं घेतो, तेही पाहून घ्या. माझ्या परिचयातल्या एका मुलाची गाडी. संध्याकाळी राजवाड्याकडून जवाहर मार्गाने निघाला, गर्दीत अर्धा क्लच दाबून पावलापावलाने सरकत होता. अर्ध्या क्लचवर प्लेटी एकमेकींवर घासतात, तापतात, फुगतात. थप्पी जाड होते, प्रेशर प्लेट बाहेर येते, लिव्हरची मोकळी चाल वाढते. हातात लिव्हर लोंबायला लागली आणि न्यूट्रल लागेना. त्याने तिथेच कडेला थांबून लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर, म्हणजे वायर कसायचा-सैल करायचा स्क्रू, दोन फेरे बाहेर फिरवला, न्यूट्रल लागलं, घरी आला. रात्रीत इंजिन गार झालं, थप्पी पुन्हा मूळ जाडीवर आली आणि मोकळी चाल शून्य उरली. दुसऱ्या दिवशी खंडव्याच्या रस्त्याला लागला तर भेरूघाटात क्लच घसरायला लागला. तसाच घसरत नेल्यावर लायनिंग जळायला वेळ लागत नाही. प्लेटी खरोखर गेल्या, पण त्यांना मारलं आदल्या संध्याकाळच्या त्या दोन फेऱ्यांनी. वर दुकानात सांगितलं गेलं की गाडीचा क्लचच कच्चा आहे.

म्हणून माझा आग्रह आहे: मोकळी चाल नेहमी थंड इंजिनावर मोजा आणि थंड इंजिनावरच बसवा. रस्त्यात नाइलाजाने फिरवलीच तर सकाळी आठवणीने परत आणा. किती ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात पाहा. काही कंपन्या लिव्हरच्या मुळाशी असलेली फट सांगतात, ती साधारण २ ते ३ मिलिमीटर असते. काही लिव्हरच्या टोकाशी सांगतात, तिथे १० ते २० मिलिमीटर असू शकते. दोन्ही आकडे एकाच ढिलाईचे आहेत, मोजण्याची जागा वेगळी. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवूनही फट नाहीशी होता कामा नये. होत असेल तर वायर कुठेतरी ओढली जातेय. बसवताना लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवून घ्या, मोठं काम इंजिनाजवळच्या अ‍ॅडजस्टरवर करा आणि बारीक काम शेवटी लिव्हरवर.

हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचच्या गाड्यांत वायर नसल्याने हा खेळ नाही. तिथे क्लच सुटत नसेल तर पाइपात हवा शिरलीये का ते आधी पाहा. आणि बाजारातली दुसरी लिव्हर बसवल्यावर क्लच तापून घसरायला लागला तर ती लिव्हर मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या, द्रव दाबणाऱ्या नळकांड्याच्या) पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नसेल.

स्लिपर क्लचचाही घोळ होतो. बजाज डोमिनार ४०० किंवा केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरच्या माहितीपत्रकात हा शब्द असतो. त्याचा घसरण्याच्या बिघाडाशी संबंध नाही. एकदम खालच्या गिअरमध्ये आल्यावर मागचं चाक फरफटू नये म्हणून केलेली ती सोय आहे. पुढे.

चाल बरोबर आहे आणि तरी घसरतोय? प्लेटींआधी तेल पाहा. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, ती इंजिनाला चांगली आणि ओल्या क्लचला वाईट. डब्यावर जासो (JASO, तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं हवं. एमबी लिहिलेलं तेल स्कूटरसाठी असतं, जिचा क्लच तेलात नसतो. ‘सिंथेटिक आहे, महाग आहे, म्हणजे चांगलंच’ या हिशोबाने कारचं तेल ओतणाऱ्याला माझ्याकडे सहानुभूती नाही. डब्यावरची एक ओळ वाचायची असते.

चाल बरोबर आहे आणि तरी सुटत नाहीये? मग वायरीचे तुटलेले तंतू पाहा, तिचं तोंड लिव्हरमध्ये अडकतंय का पाहा. तिथे काही नसेल तरच आत जा, आणि आत गेलात तरी लायनिंगकडे नंतर वळा. आधी स्टीलच्या प्लेटी एकेक करून जाड काचेवर ठेवा आणि खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. वाकलेली प्लेट लगेच कळते. मर्यादा गाडीप्रमाणे ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या घरात असते. मग क्लचच्या डब्याची बोटं पाहा, ज्यांच्या खाचांत लायनिंगच्या प्लेटींचे कान सरकतात. नखाने बोटाच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत ओढा. जुन्या डब्यात नख ठरावीक अंतरावर अडकतं, कारण प्रत्येक कानाने तिथे ठोके मारून खड्डा पाडलेला असतो. लिव्हर दाबल्यावर प्लेटी त्या खड्ड्यांत अडकून बसतात, मोकळ्या होत नाहीत. हे जोवर पाहत नाही तोवर नवा सेट टाकून काही उपयोग नाही. नव्या प्लेटी त्याच खड्ड्यांत अडकतील.

प्लेटी बदलणं हे घरी करता येण्यासारखं काम आहे, याबद्दल मनात शंका ठेवू नका. बहुतेक आधुनिक गाड्यांत क्लच उजव्या बाजूच्या कव्हरखाली असतो. गाडी साइड स्टँडवर डावीकडे झुकलेली असली की तेल न काढताही कव्हर उघडता येतं, पण तेलावर संशय असेल तर काढूनच टाका. कव्हरचे बोल्ट लांबीने सारखे नसतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा. पुष्कळ गाड्यांत नुसत्या प्लेटी बदलायला मधला मोठा नट उघडावा लागत नाही. त्यांत तो फक्त डबा बदलायचा असेल तरच, पण काही गाड्यांत प्लेटींसाठीही उघडावा लागतो, पुस्तकात पाहा. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सोडा. प्लेटी काढताना क्रमाचे फोटो घ्या: काही गाड्यांत सगळ्यात आतल्या लायनिंगच्या प्लेटीचं भोक मोठं असतं आणि तिच्यात पातळ स्प्रिंगची कडी बसते, काहींत सगळ्यात बाहेरची प्लेट वेगळ्या खाचेत सरकवलेली असते. हे चुकलं की नवा क्लचही सुटणार नाही.

नव्या लायनिंगच्या प्लेटी इंजिनाच्याच तेलात निदान काही तास, जमल्यास रात्रभर बुडवून ठेवा. कोरड्या बसवू नका. प्लेटींबरोबर स्प्रिंगाही नव्या घ्या, महाग नसतात. चकाकलेल्या जुन्या प्लेटी पॉलिश पेपरने घासून परत बसवणं मला अजिबात मान्य नाही. गॅस्केटऐवजी सिलिकॉनचा थर देणंही नाही, तो आत सुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतो. स्प्रिंगांचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास कसतात. नेमका आकडा पुस्तकातून घ्या आणि टॉर्क पाना वापरा, कारण समोर अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत.

सगळं बसल्यावर चाल थंड इंजिनावर शून्यापासून नव्याने बसवा. नव्या थप्पीची जाडी जुनीपेक्षा वेगळी आहे, जुनं अ‍ॅडजस्टमेंट तिला लागू पडत नाही. पहिले १००-२०० किलोमीटर सांभाळून चालवा, मग सकाळी गाडी गार असताना फट पुन्हा मोजा. प्लेटी बसल्यामुळे ती कमी झालेली असेल तर अ‍ॅडजस्टर आत फिरवा, बाहेर नाही.