बॉल जॉइंट, जुन्या जीपच्या स्टेअरिंगचा

बॉल जॉइंट, जुन्या जीपच्या स्टेअरिंगचा : स्टेअरिंग बॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्या एकमेकींना व चाकाच्या नकलला (चाक धरून वळणाऱ्या भागाला) जोडणारा गोल डोक्याचा सांधा. पोलादी गोळा खोबणीत बसवलेला असतो. खुब्याच्या उखळीच्या सांध्याप्रमाणे तो अनेक दिशांनी फिरतो. त्यामुळे चाक खड्ड्यात वरखाली होत असतानाही वळवण्याचे बल दांडीतून चाकापर्यंत जाते. विदर्भात या सांध्याची निगा मुख्यतः महिंद्राच्या जुन्या जीपा, काळी-पिवळी म्हणून चाललेल्या गाड्या आणि जंगलात फिरणाऱ्या मारुती जिप्सी यांच्या बाबतीत महत्त्वाची ठरते.

हा सांधा ज्या स्टेअरिंगच्या रचनेत बसतो तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त कोनात वळावे, या तत्त्वाला अ‍ॅकरमन भूमिती म्हणतात. तिचे एकस्व (पेटंट) लंडनमध्ये रूडॉल्फ अ‍ॅकरमन याने १८१८ मध्ये घेतले. रचना मात्र म्यूनिकचा बग्गी बनवणारा गेओर्ग लँकेनश्पेर्गर याची, साधारण १८१६-१७ ची. इरॅस्मस डार्विन याने १७५८ च्या सुमारासच ही कल्पना मांडली होती, असेही म्हटले जाते. तथापि प्रचारात आलेली रचना म्हणून लँकेनश्पेर्गरला श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या घडणीच्या बॉल जॉइंटचे श्रेय सामान्यतः जर्मनीतील फ्रिट्झ फाउडी याच्या १९२२ च्या एकस्वाला देतात. अर्थात दांड्यांच्या टोकाला गोळा-खोबण बसवण्याची पद्धत त्याआधीची आहे. किंगपिनऐवजी (नकल ज्या उभ्या खुंटीवर फिरते तिच्याऐवजी) नकलच बॉल जॉइंटवर तोलण्याचा प्रघात अमेरिकी मोटारींत १९५२ च्या लिंकनपासून व १९५४ च्या फोर्डपासून रुळला.

ही शेवटची बाब विदर्भातील गाड्यांसाठी कळीची आहे. विलिस जातीच्या जीपांची भारतातील जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झाली. अमेरिकेत १९५३ मध्ये आलेला सीजे-३बी हा नमुना तिथे १९६८ पर्यंत चालला, तर भारतात त्याचा वंश त्यानंतरही टिकला. या गाड्यांच्या पुढच्या अ‍ॅक्सलला बंद, घुमटाकार नकल असून ती वर-खाली बेअरिंगवर फिरते. डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या जिप्सीतही तीच तऱ्हा आहे. म्हणजे या गाड्यांत बॉल जॉइंट फक्त दांड्यांच्या टोकांना असतात, चाकाचा भार त्यांच्यावर नसतो. बोलेरोसारख्या, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत भार पेलणारे बॉल जॉइंट निराळे. गॅरेजात ‘बॉल जॉइंट गेला’ म्हणून आलेल्या जुन्या जीपांत दोष पुष्कळदा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये किंवा बेल क्रँकमध्ये (दांड्यांमधील बल वळवणाऱ्या तरफेत) असतो. नवे टाय रॉड एंड (दांडीच्या टोकाचे बॉल जॉइंट) घालूनही चाक डगडगत राहते ते यामुळे.

सीजे-३बी घाटाच्या गाडीत स्टेअरिंग बॉक्सच्या आर्मपासून ड्रॅग लिंक निघते ती चेसीसवरच्या बेल क्रँकला मिळते. तिथून दोन टाय रॉड चाकांकडे जातात. ड्रॅग लिंकच्या टोकाला बंद बॉल जॉइंट नसून स्प्रिंग, दोन वाट्या व आट्यांचा प्लग असतो. हा भाग दुरुस्त होण्याजोगा आहे. कॉटर पिन काढून प्लग मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने सोडवतात आणि वाट्या धुऊन पाहतात. मग प्लग घट्ट बसवून अर्धा ते एक फेरा मागे घेतात व पिनचे भोक जुळवतात. मागे न घेतल्यास स्टेअरिंग जड होते व वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. गोळाच अंडाकृती झिजला असेल तर प्लग आवळून उपयोग नाही : सरळ चालताना सांधा ढिला राहतो आणि पूर्ण वळणावर अडकतो.

झिजेचे कारण दगडांचे हादरे मानण्याकडे कल आहे. विदर्भात मात्र सांध्यावरच्या टोपीचे फाटलेले रबर हे त्याहून मोठे कारण दिसते. पावसाळ्यात पांदणीची (शेतवाटेची) काळी माती दांड्यांवर थापली जाते आणि वाळल्यावर विटेसारखी कडक होते. पऱ्हाटी-तुरीची धसकटे त्या मातीच्या गोळ्यासह रबर ओढतात. एकदा चीर पडली की पावसाळ्यात पाणी आत जाते, आणि उन्हाळ्यात धूळ ग्रीसमध्ये मिसळून पॉलिश पेपरचे काम करते. पावसानंतर नुसते बोनेट पुसणाऱ्याने दांड्यांखालची माती खरवडणे अधिक हिताचे. पाण्याचा जोरदार फवारा मात्र थेट रबराच्या कडेवर मारू नये.

तपासणीसाठी चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवी हलवायचे व दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोटे ठेवायची. दांडी हलते पण तिला जोडलेला आर्म क्षणभर मागे राहतो, तोच ढिला सांधा. चाक जॅकवर उचलून घड्याळाच्या बारा-सहाच्या जागी धरून हलवले असता जाणवणारा खेळ किंगपिनचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा असतो. एकाने ब्रेक दाबून धरल्यावर तो खेळ नाहीसा झाला, तर चाकाचे बेअरिंग दोषी. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर असल्यास जॅक त्या आर्मखालीच लावावा लागतो. चेसीसखाली लावल्यास खालच्या सांध्यावरचा ताण कायम राहतो व झीज लपते.

ग्रीस भरण्याचे निप्पल असलेल्या सांध्याला लिथियम ग्रीस चालते. फॅक्टरीतून बंद आलेल्या, निप्पल नसलेल्या सांध्याला भोक पाडून ग्रीस भरण्याचा उद्योग करू नये. पंप मारताना जुने काळे ग्रीस रबराच्या कडेने बाहेर येईपर्यंतच मारतात, नाहीतर रबर फुगून फाटते.

सांधा काढण्याची गावाकडची रीत दोन हातोड्यांची आहे. कॅसल नट (वर खाचा असलेला नट) सोडवून दोन-चार आट्यांवर ठेवतात, म्हणजे दांडी खाली आपटत नाही. आर्मच्या डोळ्याला (सांधा बसतो त्या भोकाच्या कड्याला) एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका देतात. डोळा क्षणभर दबतो, निमुळता दांडा टक् करून सुटतो. दांड्याच्या टोकावर ठोकणे चुकीचे, आटे बसतात. दुफाट्याच्या पुलरने काम होते, पण रबर जाते. म्हणून तो फक्त टाकायच्या सांध्यासाठी वापरावा. बसवताना निमुळती जागा कोरडी व स्वच्छ लागते. नटाची खाच पिनच्या भोकाशी जुळली नाही तर नट आणखी आवळतात, सैल करत नाहीत.

टाय रॉडच्या एका टोकाला उजवे व दुसऱ्याला डावे आटे असल्याने नळी फिरवून टो-इन (चाकांतील पुढचे अंतर मागच्यापेक्षा जितके कमी ते माप) बदलता येते. जुन्या विलिस घाटाच्या जीपांसाठी ते ३/६४ ते ३/३२ इंच सांगितलेले आहे. आटे मोजून नवे टोक बसवले, तरी माप पुन्हा घ्यावे लागते. अलाइनमेंटचे यंत्र तालुक्याला नसेल तर टायरच्या मध्यरेषेवर खडूची खूण करून पुढचे व मागचे अंतर टेपने मोजतात. ही रीत ओबडधोबड वाटली तरी काळजीने केली तर पुरते.

सुधारणांमध्ये जाड दांड्या व मोठ्या गोळ्याची टोके बसवणे सर्वांत सोपे. पण स्प्रिंगच्या पट्ट्यांवर गाडी उंच केली की चाकाकडे जाणाऱ्या लिंकचा उतार वाढतो, आणि खड्ड्यात चाक उचलले जाताच स्टेअरिंग आपोआप वळते. इथे जाड सांधा काहीच करत नाही, लिंकचा कोन सुधारावा लागतो. दांडी आर्मच्या वरच्या बाजूने नेण्यासाठी डोळ्याला उलट बाजूने निमुळते रीमर मारणे किंवा निमुळती बुश घालणे आवश्यक असते. साध्या ड्रिलचे सरळ भोक धोकादायक. स्टेअरिंग डॅम्पर थरथर दाबतो, मूळ ढिलाई मात्र तशीच राहते. बाहेर निघालेल्या रुंद रिमा सगळ्याच सांध्यांवरचा भार वाढवतात, हे ताडोबा-मेळघाटकडच्या उघड्या जिप्सींपेक्षा हौशी मालकांच्या गाड्यांत जास्त दिसते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९८ नुसार स्टेअरिंग चाकावरील मोकळा खेळ ३० अंशांहून जास्त नसावा, दांड्यांच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना नीट अडकवलेल्या असाव्यात. ३० अंश ही मर्यादा सैल आहे. जंगलरस्त्यावर त्याच्या निम्माही खेळ त्रासदायक ठरतो.

पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात प्रश्न मातीपेक्षा पाण्याचा. बांधीतून (धानाच्या शेतातून) किंवा नाल्यातून गेलेल्या गाडीच्या बंद नकलमध्ये पाणी शिरले, तर सीलच्या फेल्टजवळ दुधाळ ग्रीस दिसते. तेव्हा सील बदलून किंगपिनची बेअरिंगही उघडून पाहतात.