दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून प्रत मागवताना: बडोद्यातल्या वाचकांसाठी कॉपीराइटचे नियम आणि अर्जाची माहिती

बडोद्यात राहून जुन्या मराठी साहित्यावर काम करणाऱ्याला कधी ना कधी पुणे, ठाणे किंवा मुंबईच्या ग्रंथालयाकडे हात पसरावाच लागतो. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथं ग्रंथालय खातं उभं केलं, पेट्या भरभरून पुस्तकं गावोगाव पाठवली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही मराठी पुस्तकं आहेत. पण ‘विविधज्ञानविस्तार’ या जुन्या मराठी मासिकाचा एखादा अंक हवा असला, तर तो बाहेरूनच येणार. आणि अशी मागणी पुष्कळदा एकाच वाक्यापाशी अडते: ‘कॉपीराइट आहे, झेरॉक्स देता येत नाही.’ हे उत्तर अनेकदा अपुरं असतं. कायद्यातलं कोणतं कलम आपल्याला लागू होतं ते अर्जातच लिहून दिलं, तर समोरच्या ग्रंथपालालाही होकार देणं सोपं जातं.

पुस्तक हवं की प्रत?

छापील पुस्तकच काही दिवसांसाठी मागवायचं असेल, तर कॉपीराइटचा प्रश्नच येत नाही. एका ग्रंथालयानं आपली विकत घेतलेली प्रत दुसऱ्याला वाचायला देण्यासाठी लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी लागत नाही. तिथं अडचण असते ती पुस्तक जीर्ण असण्याची, टपालखर्चाची आणि हरवलं तर भरपाई कोण देणार याची. झेरॉक्स किंवा स्कॅन मागितलं, की 1957 चा कॉपीराइट कायदा पुढे येतो.

आधी मुदत तपासा

लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. ही 60 वर्षं मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायची. म्हणजे निधनाच्या सालात 60 मिळवा. येईल त्या सालाच्या 31 डिसेंबरला मुदत संपते. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे 1941 मध्ये गेले, त्यांच्या कवितांवरचा हक्क 2001 अखेर संपला. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले, त्यांचा 2060 अखेरपर्यंत आहे. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर मागाहून गेलेल्या लेखकाचं साल धरायचं. निनावी किंवा टोपणनावाच्या लेखनाला, खरा लेखक कोण हे त्या काळात उघड झालं नसेल, तर प्रकाशनापासून 60 वर्षं.

इथं एक खाच आहे. मूळ ग्रंथ मुक्त झाला असला तरी त्याच्या अलीकडच्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांवर त्या-त्या संपादकाचा, अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. म्हणून शक्य तिथं जुनी आवृत्तीच मागा. तिच्यावर कोणाचा हक्क उरला नसेल, तर पूर्ण पुस्तकाची प्रत काढायलाही कायद्याची आडकाठी नाही. ‘हा ग्रंथ कॉपीराइटमुक्त आहे, लेखकाचं निधन अमुक साली’ एवढी ओळ अर्जात असली, की निम्मं काम झालं.

मुदत संपली नसेल तर

तरीही मार्ग आहेत, आणि ते कलम 52 मध्ये आहेत. खाजगी वापर किंवा संशोधन यांसाठी वाजवी प्रमाणात घेतलेली प्रत 52(1)(ए) खाली चालते. एका अभ्यासकासाठी एक लेख किंवा एखादं प्रकरण ही मागणी सहसा इथं बसते. अख्खी कादंबरी, तीही दुकानात मिळत असताना, बसत नाही.

दुसरं उपकलम मला मराठीसाठी फार मोलाचं वाटतं: 52(1)(ओ). पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल, तर ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाला आपल्या ग्रंथालयासाठी त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती करून घेता येतात. नकाशे, पुस्तिका आणि स्वरलिपीही यात येतात. 1970 च्या आसपास एकदाच छापून संपलेली कितीतरी मराठी पुस्तकं या वर्णनात बसतात, आणि या तरतुदीचा उपयोग व्हायला हवा तेवढा होत नाही. मात्र या प्रती ग्रंथालयाच्या असतात, मागणाऱ्या वाचकाच्या नव्हेत. ‘विक्रीला नाही’ हे नुसतं म्हणून भागत नाही. प्रकाशकाचं उत्तर किंवा दोन-तीन विक्रेत्यांकडे केलेल्या चौकशीची नोंद फाइलला लावून ठेवावी.

हस्तलिखितं, पत्रं यांसारख्या अप्रकाशित साहित्यासाठी 52(1)(पी) आहे. लोकांना खुल्या असलेल्या संस्थेतलं लेखन संशोधनासाठी उतरवता येतं. पण लेखक कोण हे ठाऊक असेल, तर त्याच्या मृत्यूला 60 वर्षं होऊन गेलेली हवीत. दृष्टिहीन वाचकाला वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करायची असेल, तर त्यासाठी 52(1)(झेडबी) ही वेगळी सवलत आहे.

अर्ज कोण करतं, सोबत काय जोडायचं

मागणी ग्रंथालयानं ग्रंथालयाकडे करायची असते, त्यामुळे वाचकानं आपल्याच ग्रंथालयातून जावं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी हंसा मेहता ग्रंथालयात विचारू शकतात, बाकीच्यांनी जिथं सभासदत्व आहे तिथं. आपलं ग्रंथालय डेलनेटसारख्या, ग्रंथालयांना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्यात आहे का, हे आधी विचारून घ्या. असेल तर मागणी त्यातूनच जाते. प्रबंध हवा असेल तर अर्ज करण्यापूर्वी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार पाहावं, तिथं तो मोफत वाचायला मिळू शकतो.

सभासद कार्ड, ओळखपत्र आणि संशोधक असाल तर मार्गदर्शकाचं पत्र जवळ ठेवा. लेखक, शीर्षक, प्रकाशन साल, नियतकालिक असेल तर वर्ष, अंक आणि पृष्ठं नेमकी लिहा. ‘तांब्यांवरचे सगळे लेख’ असली मागणी परतच येते. झेरॉक्सचा आणि टपालाचा खर्च देण्याची तयारीही लिहा.

आपल्या कायद्यानं अशा मागणीसाठी हमीपत्राचा ठरावीक नमुना दिलेला नाही, तरी ते जोडावं असं मी आग्रहानं सांगेन. मजकूर असा चालेल: ‘ही प्रत मी फक्त माझ्या संशोधनासाठी वापरेन. तिच्या आणखी प्रती काढून वाटणार नाही. हाच मजकूर मला याआधी दुसऱ्या ग्रंथालयाकडून मिळालेला नाही.’ खाली सही आणि तारीख. स्कॅन ईमेलवर आलं तरी हे बंधन कायम राहतं. हक्क शिल्लक असलेला लेख व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, की ‘खाजगी अभ्यास’ हे कारण टिकत नाही आणि पाठवणारं ग्रंथालय विनाकारण अडचणीत येतं.

ऐकीव नियम

एका नियतकालिकाच्या गेल्या पाच वर्षांतल्या अंकांतून वर्षाला पाचच लेख मागवता येतात, हा दंडक अमेरिकेतल्या ग्रंथालयांचा आहे. भारतीय कायद्यात तो नाही. दहा टक्के पानांची मर्यादाही नाही. वाजवी किती, हे कारण आणि प्रमाण पाहून ठरतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं 2016 मध्ये दिलेले निकाल वर्गात शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींबद्दल आहेत, ते ग्रंथालयाच्या मागणीला जसेच्या तसे जोडू नयेत.

ई-जर्नलचं गणित वेगळं आहे. तिथं ग्रंथालयानं प्रकाशकाशी केलेला करार पाहावा लागतो. काही करार दुसऱ्या ग्रंथालयाला लेख पाठवू देतात, काही देत नाहीत.

यातलं काहीच लागू होत नसेल, तर लेखकाच्या वारसाला किंवा प्रकाशकाला पत्र लिहावं. हक्क कोणाकडे आहे ते आधी विचारा. कोणती पानं, किती प्रती आणि कशासाठी, हे स्पष्ट लिहा. परवानगी लेखीच घ्या, आणि तिची एक प्रत मागणीपत्रासोबत पाठवा.