‘हॅम’ ही आद्याक्षरे नव्हेत

हौशी रेडिओचे प्रात्यक्षिक पाहायला आलेल्या विद्यार्थ्यांना ‘हॅम’ (हौसेखातर बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करणारा) हा शब्द म्हणजे हर्ट्झ, आर्मस्ट्राँग आणि मार्कोनी या रेडिओच्या तीन जनकांची आद्याक्षरे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. सांगणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण ही माहिती चुकीची आहे. हर्ट्झ १८९४ मध्ये निवर्तले तेव्हा आर्मस्ट्राँग जेमतेम तीन वर्षांचे होते, आणि मुख्य म्हणजे हा शब्द रेडिओहूनही जुना, अमेरिकेतील तारायंत्राच्या काळातला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा शब्द बनला, ही कथाही अशीच निराधार आहे.

तारेवर मोर्स, म्हणजे ठिपके आणि रेघांच्या सांकेतिक लिपीतला संदेश, पाठवताना सगळी मदार हाताच्या लयीवर असते. एक ठिपका आणि एक रेघ मिळून ‘ए’ होतो. मात्र दोहोंमधली फट किंचित लांबली, की ऐकणाऱ्याला ‘ई’ आणि ‘टी’ अशी दोन वेगळी अक्षरे ऐकू येतात आणि अख्खा शब्द बिघडतो. असा अडखळता हात असलेल्याला कसलेले तारमास्तर हेटाळणीने ‘हॅम’ म्हणत. त्यांच्यापैकी अनेक जण पुढे बिनतारी केंद्रांवर रुजू झाले आणि त्यांनी आपल्या संदेशांत व्यत्यय आणणाऱ्या हौशी मंडळींना तेच नाव चिकटवले. हौशी मंडळींनी ते कालांतराने अभिमानाने स्वीकारले. आज ‘व्हीयू२’ने सुरू होणारी संकेतखूण लावून रोज संध्याकाळी ४० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ पट्ट्यावर हाक देणारा भारतीय हौशी स्वतःला हॅम म्हणवतो, तो याच अर्थाने.