दुभंगलेला ओठ: एका ऑपरेशनने काम संपतं का?

"संस्थेच्या शिबिरात एकदा मोफत ऑपरेशन झालं की दुभंगलेल्या ओठाचं बाळ कायमचं बरं होतं," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. ओठ जुळलेला दिसतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण टाळूही, म्हणजे तोंडातलं वरचं छत, दुभंगलेली असेल तर उपचार बरीच वर्षं चालतात. ओठ साधारण 3 ते 6 महिन्यांच्या वयात शिवतात, टाळू 9 ते 18 महिन्यांत. मग कानांची तपासणी, स्पीच थेरपी, दातांचे उपचार. हिरडीत फट असेल तर 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान तिथे हाड बसवावं लागतं.

बोलण्याचा अंदाज घरीही येतो. सर्दी नसताना मुलाच्या नाकाखाली छोटा आरसा धरा आणि 'पापा', 'टाटा' म्हणायला सांगा. शब्द उच्चारतानाच आरशावर वाफ धरली, तर हवा नाकातून निसटत असावी. स्पीच थेरपिस्टला दाखवा.

सोलापुरात विडी वळणाऱ्या आईची दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला मजुरी बुडते. म्हणून एसटीचं भाडं देणारी, पुढच्या तारखेची आठवण करणारी, इथल्याच डॉक्टरांना तयार करणारी संस्था मला जास्त मोलाची वाटते. शिबिरात नाव नोंदवतानाच विचारा: टाके निघाल्यावर पुढचं कोण बघणार, आणि कुठे?